गाव मोजायचं कसं?

मंडळी, आज दोन फ्रेंच गावांचा हिशोब मांडतो. आकडे आहेत, पण जरा सबुरीनं वाचा.

पहिलं गाव मादेर. लोकसंख्या 534. कमावते हात 279, त्यातले 208 शेतकरी. अख्ख्या गावात ट्रॅक्टर 2, मोटारी 5, फ्रिज 5. वॉशिंग मशीन एकही नाही. घरखर्चातल्या रुपयातले जवळपास बारा आणे खाण्यावरच जायचे.

दुसरं गाव सेसाक. लोकसंख्या 670. कमावते हात 215, शेतकरी फक्त 53. पण ट्रॅक्टर 40, मोटारी 280, फ्रिज 210. दुकानदारी, नोकरी, सेवा अशा कामांत 102 जण.

आता गंमत बघा. ही दोन गावं नाहीतच, गाव एकच आहे! नाव दुएल. नैर्ऋत्य फ्रान्समध्ये काओर शहराजवळ, लॉट नदीच्या काठावर, द्राक्षबागांच्या पट्ट्यात. मादेर म्हणजे 1946 चं दुएल आणि सेसाक म्हणजे 1975 चं. झाँ फुरास्तिए नावाच्या अर्थतज्ज्ञानं 1979 च्या आपल्या पुस्तकात वाचकाला असंच आधी चकवलं आणि मग खरं सांगितलं.

मी हे का सांगतोय? वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या लिहितोय. 'गाव ओस पडतंय' हा मथळा मीच कितीदा दिला असेल. दुएलचे आकडे वाचले आणि तो मथळा मलाच टोचला.

शेतकरी बघितले तर दुएल संपलं म्हणावं लागेल, 208 चे 53 झाले. डोकी मोजली तर गाव वाढलं, 136 माणसं जास्त. दोन्ही आकडे खरे, पण एकटा घेतला की दोन्ही फसवे. तीस वर्षांत तिथली शेती थोड्या हातांत आली, यंत्रावर गेली. लोकांच्या पोटापाण्याचा धंदा बदलला. गाव टिकलं ते त्याच गावात राहून करता येईल असं दुसरं काम मिळालं म्हणून. 'शेती सोडू नका रे' असं सांगून नव्हे.

आणि जुन्या गावाचे गोडवे गाताना जरा थांबावं. 1946 च्या त्या 'भरलेल्या' गावात घरोघरी कपडे हातानंच धुतले जात होते. धुणाऱ्या बाईला विचारलं असतं, तर तिनं कुठलं गाव निवडलं असतं?

अर्थात, शेतीतून बाहेर पडलेला प्रत्येक जण हसत बाहेर पडला, असं मी म्हणणार नाही. म्हणूनच मोजणी नीट हवी. फ्रान्समध्ये 2004 पासून 10 हजारांच्या आतल्या प्रत्येक गावाची दर पाच वर्षांनी पूर्ण मोजणी होते. आपण मात्र अजून 2011 च्या जनगणनेचे आकडे पुढ्यात घेऊन ग्रामसभेत भांडतोय.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. यापुढे गावाची बातमी लिहिताना नुसतं 'किती उरले' विचारणार नाही. 'उरलेले कशावर जगतात' हेही विचारणार.

तुमच्या आळीतली दहा घरं घ्या. 30 वर्षांपूर्वी त्या घरांत कोण काय करायचं आणि आज काय करतं, एवढंच खाली लिहा. बघू, आपलं गाव मादेर आहे की सेसाक, की दोन्हींच्या मध्ये कुठेतरी अडकलंय.