पडद्याचे खालचे तीन फूट

पडद्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला नेहमी पडद्याचा वरचा भाग दाखवतात. सेल्समन ताग्यातून कापड फडाफडा उलगडतो, उंच धरून चुण्या घालतो आणि विचारतो, "काका, आयलेट करू का प्लीट?" आपणही मान वर करून बघत राहतो. पण पडदा दोन वर्षांच्या मुलाच्या खोलीत लावायचा असेल, तर वरच्या चुण्यांशी त्या मुलाचं काही देणंघेणं नसतं. त्याची उंची जेमतेम पंच्याऐंशी-सत्त्याऐंशी सेंटिमीटर. त्याचा सगळा संसार पडद्याच्या खालच्या तीन फुटांत चालतो.

आमच्या नातीला, रेवाला, परवा स्वतःची खोली मिळाली. म्हणजे माझी पुस्तकं आणि इस्त्रीचं टेबल तिथून बाहेर आलं. मुलगा आणि सून दोघंही नोकरीवाले, त्यामुळे "बाबा, पडद्यांचं तुम्ही बघाल ना?" असं सुनेनं विचारलं आणि मी होकार दिला. पूर्वतयारी म्हणून हॉलमधला पडदा नीट न्याहाळला. जमिनीपासून दोन फुटांवर एक पिवळट पट्टा आहे. वरण-भात संपला की रेवा तिथं तोंड पुसते. त्याच्या खाली शिवण उसवलेली, कारण तो कोपरा ती चघळते. पडद्याला लोंबकळणं आणि त्यात स्वतःला गुंडाळून घेणं हेही रोजचंच. मुलाच्या लेखी पडदा म्हणजे टॉवेल, झोका आणि लपायची जागा. निवडताना हे धरूनच चालायला हवं.

सेल्समननं मला आधी कापडाऐवजी रोलर ब्लाइंड दाखवलं. "मुलांच्या खोलीत आता हेच चालतं, काका." दिसायला देखणं, पण बाजूला मण्यांची साखळी लोंबत होती, खाली बंद फास असलेली. मी तिथंच थांबलो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाची आकडेवारी सांगते, की खिडकीच्या ब्लाइंडच्या दोऱ्यांत मान अडकून तिथं पाच वर्षांपर्यंतची सरासरी नऊ मुलं दरवर्षी दगावतात. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानानं जड, मानेचे स्नायू कच्चे आणि श्वासनलिका मऊ. पाय घसरून मान फासात अडकली की त्याला स्वतःला सोडवता येत नाही, आणि ओरडताही येत नाही. पंधरा सेकंदांत शुद्ध हरपू शकते. शेजारच्या खोलीत बसलेल्या आजोबांना पत्ताही लागणार नाही.

म्हणून युरोपनं 2014 मध्ये मानक कडक केलं. मुलं असू शकतील अशा जागी साखळी जमिनीपासून दीड मीटरच्या वर संपली पाहिजे आणि फास राहू नये यासाठी सोय हवी. अमेरिकेत दुकानात तयार मिळणारे ब्लाइंड 2018 च्या अखेरपासून, आणि मापानं बनवून घेतलेले जून 2024 पासून, मोकळ्या लोंबत्या दोरीशिवायच विकायचे असं ठरलं. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआयची खूण सक्तीची आहे. रेवाच्या हिशेबात मण्यांची साखळी हेही खेळणंच. हे मी बोलून दाखवलं, तर सेल्समन म्हणाला, "मग वर गुंडाळून ठेवा ना." रोज, न विसरता, कुणी? आमच्या घरात गॅस बंद केला का हे बघायला तीन माणसं उठतात. आठवणीवर चालणारी सुरक्षितता लहान मुलाच्या खोलीत कामाची नाही. घरी आधीच ब्लाइंड असेल, तर साखळी भिंतीला ताणून पक्की बसवून घ्यावी, जास्तीची दोरी उंच खुंटीला गुंडाळावी आणि पलंग, खुर्ची, खेळण्यांची पेटी तिथून हलवावी.

पडदा बाजूला बांधायच्या गोंडेदार दोऱ्यांनाही हाच न्याय. त्याऐवजी ओढताक्षणी सुटणारी वेल्क्रोची पट्टी बरी. लोहचुंबकाच्या क्लिपा छान दिसतात, पण सुटून पोटात गेलेलं चुंबक हे वेगळंच संकट. टिकल्या, आरसे, लोकरीचे गोंडे हे सगळं शेवटी तोंडातच जातं, तेव्हा तेही नको.

मग रॉड. ड्रिल न करता दोन भिंतींमध्ये दाबून बसवायचा स्प्रिंगचा रॉड मिळतो. भाड्याच्या घरात सोयीचा, पण मूल लोंबकळलं की पडद्यासकट त्याच्याच डोक्यावर. भिंतीत भोक पाडून, फिशर घालून, स्क्रूनं ब्रॅकेट बसवून घ्यावेत, आणि खिडकी पाच फुटांची असेल तर मध्ये तिसरा ब्रॅकेटही. त्याच वेळी खिडकीचं ग्रिल हलवून बघावं. पडदा ओढून घेतलेला असला की मागची सरकती काच उघडी आहे का बंद, हे कळत नाही. पलंग खिडकीखाली असेल तर मूल थेट कट्ट्यावर चढतं. पडदा कुणाला अडवत नाही, अडवतं ते ग्रिल.

लांबीबद्दल सजावटवाल्यांचं आणि माझं जमलं नाही. त्यांना जमिनीवर लोळणारा पडदा हवा. मी खिडकीच्या कट्ट्याखाली सहा इंचांवर थांबलो. तयार पडदे पाच, सात आणि नऊ फुटांचे मिळतात, त्यातला पाच फुटी खिडकीसाठीच असतो. मी शिवून घेतले. चोपन्न इंच पन्ह्याचं कापड, खिडकीच्या दुप्पट-अडीचपट घेर, म्हणजे तीन पन्हे. सुती कापड आधी भिजवून वाळवलं, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून ते कट्ट्याच्याही वर गेलं असतं.

आता राहिली झोप. कॅटलॉगमधल्या मुलांच्या खोल्या गुबगुबीत असतात, जाड मखमलीच्या. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी मुलाला सुख वाटतं ते गारव्यानं आणि अंधारानं. विदर्भात माझ्या लहानपणी दाराला वाळ्याची ताटी लावून तिच्यावर पाणी मारत. त्या ओल्या, अंधाऱ्या खोलीत आम्हा पोरांना न झोपवता झोप लागे. अंधाराचं महत्त्व आता मोजलंही गेलंय. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 2018 च्या एका छोट्या अभ्यासात, तीन ते पाच वर्षांच्या मुलांना झोपण्याआधी तासभर झगझगीत उजेडात ठेवलं, तेव्हा झोप आणणारं मेलाटोनिन जवळपास 88 टक्क्यांनी घटलं. तेव्हा सोसायटीचा फ्लडलाइट पडद्यानं अडवावा, आणि घरातली ट्यूबलाइट आपण होऊन मालवावी.

मात्र अंधारासाठी लावायचं अस्तर पडद्याला कायमचं शिवू नये. लेप दिलेलं ब्लॅकआउट कापड काही धुण्यांनंतर भेगाळतं, त्याचे पापुद्रे सुटतात आणि ते कुठं जाणार हे सांगायला नको. घट्ट विणीचं, बिनलेपाचं अस्तर वेगळ्या रॉडवर टांगलं की पुढचा सुती पडदा महिन्याला सुटा धुता येतो. पावसाळ्यात हे फार कळतं. जाड अस्तराचा पडदा चार-चार दिवस वाळत नाही आणि खोलीला कुबट वास धरतो.

मी घेतलेला साधा फिका निळा पडदा बघून सून म्हणाली, "बाबा, एखादं कार्टून तरी असतं." माझा हिशेब असा, की कापडावर वाचलेला पैसा ब्रॅकेट आणि ग्रिलमध्ये घालावा. कार्टून उशीच्या अभ्र्यावर घ्यावं. सहा महिन्यांनी मुलांचा हीरो बदलतो, तेव्हा अभ्रा बदलायला सुतार लागत नाही.