११९ दिवसांची कॉन्सर्ट

अबू धाबी, मुंबई, अहमदाबाद, हाँगकाँग, सोल.. २०२५ साली कोल्डप्लेची टूर या रूटने गेली. या यादीत वर्धा शोधा बरं! राहू द्या, नाही सापडणार. जिथे नागपूरचाच नंबर लागत नाही, तिथे त्याच्या अलीकडे पाऊणशे किलोमीटरवर असलेल्या वर्ध्याचं काय घेऊन बसलात!

पण म्हणून वर्ध्यात फॅन नसतात असं कोण म्हणतं? असतात ना बॉस, एकदम कट्टर असतात! फक्त त्यांची केस जरा वेगळी असते. मुंबईचा फॅन ऑफिस सुटल्यावर कॉन्सर्टला जातो. वर्ध्याचा फॅन कॉन्सर्टची तयारी करतो. रजा, रिझर्व्हेशन, राहायची सोय, आई-बाबांची परवानगी (वय वर्षं सत्तावीस असलं तरी!).. या सगळ्यात महिनेच्या महिने जातात. आणि माझं तर स्पष्ट मत आहे, की कॉन्सर्टची अर्धी मजा या महिन्यांतच असते.

माझा मावसभाऊ हा या जमातीचा अस्सल नमुना. वर्ध्यात बँकेत नोकरी करतो. शाळेत असताना कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून 'यलो' त्याच्यापर्यंत पोचलं आणि गडी कामातून गेला. प्रॉब्लेम एकच. ही आवड शेअर करायला आजूबाजूला कोणी नाही. ब्रँचमधल्या एका सीनियरने तर एकदा अगदी सिरियसली विचारलं होतं, "कोल्डप्ले म्हणजे कोल्ड्रिंकची स्कीम आहे का रे?" आता यावर माणूस काय बोलणार? हेडफोन लावायचे नि गप्प बसायचं!

१९ नोव्हेंबर २०१६ला कोल्डप्ले मुंबईत बीकेसीच्या एमएमआरडीए ग्राउंडवर आले, तेव्हा भाऊ कॉलेजात होता. त्याच्या अकराच दिवस आधी नोटाबंदी झालेली. एटीएमसमोर रांगा, खिशात दोन हजारची एक नोट, तीही सुटी होईना. 'पुढच्या वेळी नक्की' असं म्हणून त्याने विषय संपवला. ही 'पुढची वेळ' यायला तब्बल आठ वर्षं लागली.

मग आला २२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारचे बारा. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरच्या जानेवारीतल्या शोजची तिकिटं ओपन होणार होती. दर अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. एका वेळी सुमारे १ कोटी ३० लाख लोक तिकिटांवर तुटून पडल्याचं नंतर जाहीर झालं. शो आधी दोनच होते, १८ आणि १९ तारखेला. गर्दी बघून २१ तारखेचा तिसरा शो वाढवला, तोही गेला. ब्लॅकमध्ये तिकिटाचे भाव लाखांत गेल्याच्या बातम्या आल्या. या सगळ्या मारामारीत आमच्या पठ्ठ्याने घरचे तीन मोबाइल, एक लॅपटॉप आणि शेजाऱ्यांचं वायफाय कामाला लावून १९ जानेवारीचं एक तिकीट मिळवलं! रविवारचा शो. म्हणजे शनिवारी ब्रँच संपवून रात्रीची सेवाग्राम एक्स्प्रेस, सकाळी ठाण्याला उतरून लोकलने नेरूळ, आणि रजा फक्त सोमवारची. प्लॅन एकदम सेट!

कॅलेंडर मोजलं तर हातात ११९ दिवस होते.

माझ्या मते त्याची कॉन्सर्ट त्याच दुपारी सुरू झाली. त्याने प्लेलिस्ट नव्याने लावली, जुने अल्बम पहिल्यापासून ऐकले. एरवी ज्या गाण्यांचे शब्द नुसते पुटपुटायचा, ते पाठ केले (स्टेडियममध्ये चुकीचं गाणं म्हटलं तर इज्जतचा फालुदा!). जानेवारीत अबू धाबीचे शो सुरू झाले तेव्हा इन्स्टाग्रामकडे बघायचंही बंद केलं. का, तर सरप्राइज फुटायला नको! मावशीला मात्र यातलं काहीच झेपत नव्हतं. "एवढ्यासाठी मुंबईले चालला का तू? टीव्हीवर नाही दाखवत का?" हा तिचा रोजचा डायलॉग.

त्याच्या बाजूने उभे राहिले ते चक्क काका! ऐंशीच्या दशकात हेच काका डिसेंबर आला की महाराष्ट्र एक्स्प्रेसने पुण्याला जायचे. सवाई गंधर्व महोत्सवाला. पंडित भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा महोत्सव तेव्हा रात्र-रात्र चालायचा आणि शेवटच्या सकाळी पंडितजी स्वतः गायचे. काका त्या एका सकाळसाठी वर्षभर रजा साठवायचे. पुढे रात्री दहाच्या नियमाने त्या रात्री गेल्या. पण फॅनची जातकुळी बदलली का? अजिबात नाही. एकाचं तिकीट पुठ्ठ्याचं होतं, दुसऱ्याचं मोबाइलमध्ये. एवढाच काय तो फरक!

बरं, ही वाट बघण्याची किंमत नुसती इमोशनल नाही. २००९ साली मायकल जॅक्सन लंडनला ५० शो करणार होता. पहिला शो जुलैत होता आणि २५ जूनला तो गेला. आयोजकांनी लोकांना चॉइस दिला, पैसे परत घ्या किंवा आठवण म्हणून छापील तिकीट घ्या. आणि कित्येकांनी पैसे सोडून तिकीट घेतलं! जो शो झालाच नाही, त्याचं तिकीट! कारण त्यांनी केलेली तयारी, बघितलेली वाट तर खरीच होती ना.

याच गोष्टीची दुसरी बाजूही आहे, आणि ती जरा कडू आहे. 'पुढच्या वेळी' हा शब्द आपण फार सहज वापरतो. के.के.ची गाणी लावल्याशिवाय आमच्या पिढीचा एकही फेअरवेल पार पडला नसेल. त्याला एकदा लाइव्ह ऐकायचं, हे कितीजणांच्या लिस्टवर होतं! ३१ मे २०२२ला कोलकात्यात शो करून तो हॉटेलवर परतला आणि त्याच रात्री गेला. वय ५३. उस्ताद रशीद खान जानेवारी २०२४मध्ये गेले, ५५व्या वर्षी. झाकिर हुसेन त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. वाट बघण्यात मजा आहे, मान्य. पण ती तारीख ठरल्यानंतरची. तारीखच न ठरवता बघितलेली वाट म्हणजे निव्वळ टाळाटाळ!

तर १९ जानेवारी झाली. भाऊ परत आला तेव्हा आवाज बसलेला, पाय सुजलेले, चेहरा मात्र भलताच खूश. सगळ्यात भारी काय वाटलं, असं विचारलं. मला वाटलं लाइट्स म्हणेल, हातातले ते चमकणारे बँड्स म्हणेल. तो म्हणाला, "शेजारचा पोरगा. साताऱ्याचा होता. त्याला पण सगळी गाणी पाठ होती."

बस्स. मला वाटतं, सगळी गोष्ट इथेच आहे. गाणं तर हेडफोनमध्येही तेच वाजतं. पण दहा-बारा वर्षं ज्या आवडीपायी तुम्ही गावात एकटे पडलेले असता, ती आवड असलेली हजारो माणसं एका जागी बघायला मिळणं.. हे कुठल्याच ॲपवर डाउनलोड होत नाही. पुढच्याच रविवारी, २६ जानेवारीला, अहमदाबादचा शो घरबसल्या लाइव्ह दिसला. मावशीने तो मुलासोबत बसून पूर्ण बघितला. गाणी कळली नसावीत. पण कॅमेरा गर्दीवरून फिरला तेव्हा तिने हळूच विचारलं, "हे सारे तुझ्यासारखेच आहेत का रे?" त्यानंतर 'एवढ्यासाठी मुंबईले' हा डायलॉग आमच्या ऐकण्यात आलेला नाही!

आता थोडं कामाचं. रेल्वेचं आगाऊ रिझर्व्हेशन तेव्हा १२० दिवस आधी मिळायचं, म्हणून भावाने शोचं आणि गाडीचं तिकीट एकाच दुपारी काढलं. १ नोव्हेंबर २०२४पासून ही मुदत ६० दिवसांची झाली आहे. म्हणजे शोचं तिकीट हातात आलं तरी गाडीचं नंतर काढायचंय, हे विसरू नका. साठाव्या दिवशी सकाळी आठचा अलार्म मस्ट! आणि शो रविवारचा असेल तर सोमवारची रजा आधी टाका. बॉसला कारण खरं सांगितलं तरी चालतं, बऱ्याच बॉसचाही कोणी ना कोणी कोल्डप्ले असतोच.

आणि मुंबई-पुण्यात वन बीएचके घेऊन राहणाऱ्यांनो, एक रिक्वेस्ट तुम्हालाही. एखाद्या वीकएंडला पुलगाव, हिंगणघाट, आर्वीहून कोणी दूरचा मित्र सोफा मागायला आला, तर कुरकुर करू नका. चहा टाका, चार्जर द्या आणि त्याला बोलू द्या. बिचाऱ्याने चार महिने हे कोणालाच सांगितलेलं नसतं!