अंगठाबहाद्दर आपण

बीबीकरांनो, आज जरा कडू लिहितो. राग आला तर फोन करा, पण आधी पूर्ण वाचा.

परवा आपल्या गावच्या ग्रुपवर मारहाणीचा एक व्हिडिओ आला. कुठला, कधीचा, काही पत्ता नाही. खाली लिहिलेलं, "आता तरी जागे व्हा." टाकणारा पोरगा 26 वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतो. दहा मिनिटांत चाळीसेक अंगठे पडले. त्यात एक माझा होता. व्हिडिओ मी उघडूनसुद्धा पाहिला नव्हता.

स्टँडवर चहा पिताना सगळे म्हणतात, मोबाईलनं पोरं बिघडवली. त्या पोराकडं नीट बघा ना. सोयाबीनला भाव नाही, लग्न जमत नाही, भरती दोनदा हुकली. घरी बाप विचारतो, "दिवसभर काय करून राहिला रे?" आणि ग्रुपवर त्याच पोराला "वाघ" म्हणतात! द्वेष मागून येतो हो, आधी ही शाबासकी येते. आज मिळाली तेवढीच उद्या पाहिजे तर कालच्यापेक्षा जहाल टाकावं लागतं. कोणी मवाळ बोललाच तर तो गद्दार. मग शहाणी माणसं गप्प बसतात, आणि पोराला वाटतं अख्खं गाव आपल्या पाठीशी आहे. ग्रुपात माणसं दोनशे, बोलणारे सहा-सात. बाकीचे आपण, अंगठाबहाद्दर.

अन् हे दुखणं एकाच धर्माचं नाही. मे 2014 मध्ये कल्याणची चार तरुण पोरं यात्रेकरूंसोबत बगदादला गेली आणि तिथून इसिसकडे पळाली. एक जण नोव्हेंबरमध्ये परत आला. लढायला गेलेल्याला तिथं पाणी भरायला अन् संडास धुवायला लावलं, असं त्यानं चौकशीत सांगितल्याचं तेव्हा पेपरात आलं होतं. त्याच वर्षी 2 जूनला पुण्यात हडपसरला मोहसीन शेख या सोलापूरच्या तरुणाला जमावानं मारलं. फेसबुकवर महाराजांची विटंबना झाली म्हणून जमाव खवळला होता. त्या पोस्टशी मोहसीनचा काडीचा संबंध नव्हता. 2023 मध्ये सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. म्हणजे पोरगा गेला, आणि मारलं कोणी तर कोणीच नाही.

लांबचं सोडा, अमरावती घ्या. 21 जून 2022 ला औषध दुकानदार उमेश कोल्हे यांचा रात्री घरी जाताना गळा चिरला. त्यांनी ग्रुपवर टाकलेली पोस्ट ओळखीच्याच माणसानं पुढे पाठवली आणि त्यातून कट शिजला, असा एनआयएचा आरोप आहे. ओळखीचा माणूस! रोज गुड मॉर्निंग म्हणणाऱ्यांपैकीच.

आपल्याकडं सैलानीच्या यात्रेला दोन्ही धर्मांची माणसं नारळ घेऊन जातात. तीच माणसं घरी येऊन एकमेकांविरुद्धचे मेसेज ढकलतात, याचं मला नवल वाटतं.

भडकाऊ भाषणं करणाऱ्या साहेबांना माझा एकच प्रश्न आहे. तुमची पोरं कोणत्या ग्रुपवर आहेत? ती पुण्या-मुंबईत शिकतात. गुन्हा दाखल होतो तो इथल्या पोरावर. दोन समाजांत तेढ वाढवली म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम 196 लागलं तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिक्षा राहू द्या, भरतीच्या चारित्र्य पडताळणीत नुसता गुन्हा निघाला तरी पोरगा लटकतो. त्या वेळी कोणते साहेब जामिनाला येतात ते सांगा.

काल मी माझा अंगठा काढला आणि व्हिडिओखाली लिहिलं, "बापू, हा व्हिडिओ कुठला आहे? तुला कोणी पाठवला?" पाहिला दीडशेच्या वर लोकांनी, उत्तर एकाचंही नाही. रात्री तिघांचे फोन आले, "बरं केलं भाऊ, विचारलं ते." तिघंही चांगली वजनदार माणसं. अहो, मग ग्रुपवर लिहा ना! तिथं अजून माझा एकट्याचाच प्रश्न लोंबकळतोय.