दिवाळी मिळाली, ईद राहिली

आम्ही न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपमधले मराठी पालक. आमच्यात रत्नागिरी-चिपळूणकडची मुसलमान घरं आहेत, पुण्या-नागपूरची हिंदू घरं आहेत. चळवळीचं नाव ठरवायला बसलो तेव्हा दोन तास वाद झाला आणि चहा दोनदा टाकावा लागला, म्हणून नाव मागाहून. मागणी मात्र पहिल्या पाच मिनिटांतच ठरली होती: रमजान ईद आणि बकरी ईद, दोन्ही दिवशी आमच्या सरकारी शाळांना सुट्टी हवी.

आधी आमच्यातल्या हिंदू घरांची एक कबुली. दिवाळीच्या सुट्टीसाठी आम्ही सह्या गोळा केल्या, तेव्हा त्या कागदांवर मुसलमान शेजाऱ्यांच्याही सह्या होत्या. शाळा मंडळाच्या सभेत नागरिकांना तीन मिनिटं बोलायला मिळतात. हिजाब घातलेल्या एक भाभी आपली तीन मिनिटं आमच्या दिवाळीवर बोलल्या. सुट्टी मिळाली. आम्ही घरी जाऊन चकल्या तळल्या. पुढं ईदचा विषय निघाला तेव्हा आमची पोळी भाजून झाली होती, आणि त्या सभेला आमच्यातले चारजणही गेले नाहीत. हा जाहीरनामा त्या रिकाम्या खुर्च्यांमुळं लिहावा लागतो आहे.

कुणी म्हणेल, सुट्टी कशाला, रजा आहेच की. आहे. न्यू जर्सीच्या कायद्यात धार्मिक सणाची रजा माफ असते, मुलाचं बक्षीस बुडत नाही, चुकलेली परीक्षा पुन्हा देता येते. कागदावर सगळं चोख. आमच्यातल्या एका घरची आठवीतली मुलगी रमजान ईदला सकाळी सातला नमाजाला गेली, भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये. पावणेदहाला ती बीजगणिताच्या चाचणीला बसली होती. तळहातावर ओली-सुकी मेंदी, ती कागदाला लागू नये म्हणून पेन्सिल बोटांच्या टोकांत धरलेली. बाई म्हणाल्या होत्या, नंतर दे. पण नंतर पेपर देईपर्यंत वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. शीरखुर्मा तिनं संध्याकाळी खाल्ला, तोवर पाहुणे निघून गेले होते.

यातली खरी मेख वेगळीच आहे. सरकारी शाळा धर्मासाठी म्हणून बंद ठेवता येत नाही. मुलं आणि शिक्षक इतके गैरहजर असतात की वर्ग भरवण्यात अर्थ नाही, असं दाखवावं लागतं. म्हणजे चाचणी चुकू नये म्हणून धावत आलेली मुलगी हजेरीपटावर आपल्याच सणाविरुद्ध मत देऊन जाते. जेवढी अभ्यासू मुलं, तेवढी सुट्टी लांब.

शेजारच्या न्यूयॉर्क शहरात हा लढा पेटला तो 2006 साली. त्या जानेवारीत राज्याची परीक्षा नेमकी बकरी ईदला आली. 2009 मध्ये नगर परिषदेनं दोन्ही ईदच्या सुट्टीचा ठराव केला, पण तो सल्ल्यापुरताच. शाळा महापौरांच्या हातात. तेव्हाचे महापौर मायकल ब्लूमबर्ग यांचं म्हणणं असं, की प्रत्येक धर्माला सुट्टी देत बसलो तर शाळा भरायची कधी? अखेर 4 मार्च 2015 रोजी पुढचे महापौर बिल डी ब्लासिओ यांनी ब्रुकलिनमधल्या बे रिजच्या एका शाळेत सुट्टी जाहीर केली. आदल्या बकरी ईदला त्या शाळेतली 36 टक्के मुलं आलीच नव्हती. 24 सप्टेंबर 2015 ला सुमारे अकरा लाख मुलांच्या शाळा ईदसाठी बंद राहिल्या. मजा म्हणजे, रस्तासफाईसाठी गाडी हलवण्याचा नियम हे शहर त्याच्या कितीतरी आधीपासून ईदला शिथिल करत होतं. गाड्यांना ईद होती, मुलांना नव्हती.

आणि ब्लूमबर्ग यांना जिची धास्ती होती, त्या सुट्ट्यांच्या रांगेचं पुढं काय झालं? ईदच्या मागून चांद्र नववर्ष आलं, 2023 मध्ये दिवाळीचा कायदा झाला, 2024 ला पहिली सुट्टी मिळाली. त्या शहरात ईद आपल्या दिवाळीच्या पुढं उभी होती. आमच्या गावात आम्ही आधी आत शिरलो आणि दार लोटून घेतलं.

मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीसारखा निकाल आम्हाला नको. तिथं ईदचं नाव शाळेच्या कॅलेंडरवर घाला म्हटल्यावर 2014 मध्ये मंडळानं ख्रिसमससकट सगळ्याच सणांची नावं पुसली. नाताळची सुट्टी तेवढी तशीच राहिली. याला समानता म्हणत असतील तर आमचा नमस्कार.

ईदची तारीख आधी कळत नाही, ही चंद्राची सबबही पुरे झाली. दिवाळी अमावास्येलाच येते, तिची तारीखही दरवर्षी हलते. अधिक महिना तिला ताळ्यावर आणतो, एवढंच. हिजरी वर्षात अधिक महिना नाही, म्हणून ईद दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. उत्तर अमेरिकेची फिक्ह कौन्सिल गणितानं काढलेल्या तारखा बऱ्याच आधी जाहीर करते. काही मशिदी चंद्र दिसेपर्यंत थांबतात, त्यांचा दिवस एखाद्यानं पुढं जाईल. तेव्हा आदल्या-पुढल्या दिवशीही परीक्षा ठेवू नका, इतकं साधं आहे. 2028 ची बकरी ईद मेच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या ए.पी. परीक्षांच्या ऐन दिवसांत येते आहे. आज बोललो नाही तर त्या वेळी बोलून काय उपयोग?

शाळेचे 180 दिवस भरायलाच हवेत, हे आम्हालाही कळतं. दोन दिवस जूनमध्ये वाढवा, नाहीतर शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे दिवस ईदला ठेवा. टाउनशिपनं त्या दिवशी सभा लावू नये, सकाळी मशिदीजवळ गाड्या लावायला मोकळीक द्यावी. आणि कॅलेंडरवर ‘ईद’ हा शब्द छापावा, नुसतं ‘शाळा बंद’ नको.

शाळा मंडळाची पुढची सभा महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी सातला आहे. मुसलमान आईबाप काय मागायचं ते मागतील, त्यांच्या वतीनं आमच्यातली हिंदू घरं बोलणार नाहीत. हिंदू घरांनी आपापली तीन मिनिटं आणावीत आणि दिवाळीच्या वेळच्या सह्यांचे कागद कुणाच्या कपाटात आहेत ते शोधावं. भाभी पहिल्या रांगेत बसतील. त्यांच्या शेजारच्या खुर्च्या या वेळी साडेसहालाच भरलेल्या असू द्या.