विश्लेषण : सह्याद्रीखाली चुनखडीच्या खोल गुहा का नाहीत? चाकणच्या बोअरवेलशी त्याचा काय संबंध?

मोबाइलवर खोल गुहांचे व्हिडिओ पाहताना अनेकांना प्रश्न पडतो, आपल्या डोंगरांखालीही असं काही असेल का? सह्याद्रीपुरतं उत्तर ‘नाही’ असंच आहे. मात्र या ‘नाही’मागचं कारण पिंपरी-चिंचवड आणि चाकणकरांनी समजून घ्यायला हवं. ते थेट आपल्या पाण्याशी जोडलेलं आहे.

चुनखडीत गुहा कशी तयार होते?

पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ते या पाण्यात हळूहळू विरघळतं, भेगा रुंदावतात आणि हजारो-लाखो वर्षांत त्यांची भुयारं होतात. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांमधली क्रेम लिआत प्राह ही गुहा ३० किलोमीटरहून लांब आहे. काळ्या समुद्राजवळच्या अबखाझियातली वेरयोवकिना २,२०० मीटरहून खोल आहे. १,६४६ मीटरचं कळसूबाई शिखर तिच्या खोलीत अख्खं मावेल!

मग सह्याद्रीत काय आहे?

बसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो तयार झाला. चुनखडीसारखा तो विरघळत नाही. म्हणूनच कार्ले, भाजे किंवा देहूरोड-तळेगावदरम्यानची घोरावडेश्वरची लेणी पाण्यानं घडवली नाहीत, ती माणसानं छिन्नी-हातोड्यानं कोरली.

पाणी कुठं साठतं?

आपल्या पायाखाली मोठी तळी किंवा वाहत्या नद्या नाहीत. मुरमात, सच्छिद्र थरांत आणि खडकाच्या भेगांमध्ये जेवढं मुरेल तेवढंच पाणी. त्याखालचा अखंड कातळ जवळजवळ कोरडा. त्यामुळे एका सोसायटीच्या बोअरला पाणी लागतं आणि शेजारच्या बोअरमधून नुसती धूळ उडते. अधिक खोल गेलं की अधिक पाणी मिळेल, ही समजूत बसाल्टमध्ये फसवी ठरते. राज्याचा २००९चा भूजल कायदा ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला ‘खोल विहीर’ मानतो आणि अधिसूचित क्षेत्रात ती खोदायला मनाई करतो, तो उगाच नाही.

दुसरा धोका प्रदूषणाचा. भेगांतून उतरणारं पाणी वाळूच्या थरात गाळलं जावं तसं गाळलं जात नाही. उघड्यावर सोडलेलं रसायनमिश्रित सांडपाणी त्याच वाटेनं विहिरीपर्यंत पोहोचू शकतं.

मुद्दा काय?

पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९च्या अखेरीपासून दिवसाआड पाणी येतं. उरलेली गरज बोअर आणि टँकर भागवतात. टँकरचं पाणीही अनेकदा कुणाच्या तरी विहिरीचंच असतं. हे पाणी मुरतं ते डोंगरउतारांवर, माळांवर आणि ओढ्यांच्या काठांवर. आणि खडी, मुरूम, प्लॉटिंगसाठी आपण नेमके तेच उतार पोखरतो आहोत. टॉवरच्या काँक्रीटमधलं सिमेंट कुठल्या तरी चुनखडीच्या खाणीतून येतं आणि खडी आपल्याच डोंगरातून. दोन्ही ठिकाणी हिशेब एकच : डोंगर गेला की पाण्याची वाट गेली.

तुकोबांच्या साधनेशी जोडलेला भामचंद्र डोंगर औद्योगिक विस्तारापासून वाचवण्यासाठी वारकऱ्यांना आंदोलन करावं लागलं. श्रद्धेचं कारण पुरेसं आहेच, पण ज्या डोंगराला संताचं नाव नाही, त्याचं काय? एमआयडीसी आणि दोन्हीकडच्या नियोजन प्राधिकरणांनी विकास आराखड्यात रस्ते, वीजवाहिन्या जशा आखतात, तसेच पाणी मुरण्याचे उतार आखून राखीव ठेवावेत. सोसायट्यांनीही नवा बोअर मारण्याआधी छतावरचं पाणी जुन्या बोअरमध्ये गाळून सोडावं.

सह्याद्रीनं आपल्याला गुहेएवढी टाकी दिलेली नाही. दिल्या आहेत त्या भेगा. त्या भरतील एवढी जमीन तरी उघडी ठेवायला हवी.