कारवाँ आणि सराई

२०२१मध्ये राज्य सरकारने कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि चाकांवरच्या घराचं कौतुक वाढलं. सुख आहेच: आपला बिछाना, आपला चहा, बायकांसाठी स्वच्छ संडास, आमच्या रस्त्यांवर ही गरजच. पण लाखोंची गाडी वर्षातून फिरणार किती दिवस? हप्ता, विमा मात्र ती दारात उभी असतानाही चालूच. शिवाय अजिंठा लेण्यांसाठी ती फर्दापूरच्या टी-पॉइंटवर लावून शेवटचे ४ किलोमीटर एसटीनेच जायचं!

फारसीत कारवाँ म्हणजे सोबतीने निघालेली माणसं. त्यांच्यासाठी वाटेवर सराया बांधल्या जात. फर्दापुरात, अजिंठा गावात मुघलकाळातल्या आजही आहेत. मुसाफिराने घर पाठीवर घेऊन फिरावं, असं तेव्हाच्या राज्यकर्त्यांना वाटलं नाही. ज्याला परवडते त्याने कॅरॅव्हॅन खुशाल घ्यावी. सरकारी पैसा आधी रस्त्याकडेच्या संडासांना आणि मुक्कामाच्या स्वस्त खोल्यांना द्या.