हिराकस : शेतातला आणि घरातला



चुनखडीच्या रानात भुईमूग किंवा ऊस पिवळा पडला, की पहिला हात युरियाच्या पोत्याकडे जातो. तसे करण्याआधी पाने नीट पाहा. खालची जुनी पाने आधी पिवळी पडली असतील तर नत्र कमी आहे. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील, तर उणीव लोहाची समजावी. तिथे हिराकस लागतो.

हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार, फेरस सल्फेट. खडे फिकट हिरवे असतात आणि वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा लोह असते. मोरचूद निळा असतो, तो वेगळा. हवा लागली की हिराकस पिवळट-तपकिरी होतो व त्याचा गुण उतरतो, म्हणून डबा घट्ट झाकावा.

नुसता मातीत टाकला तर चुनखडीच्या जमिनीत त्यातले लोह पिकाला मिळेनासे होते. एकरी 10 किलो हिराकस 100 किलो कुजलेल्या शेणखतात मिसळावा, पाच-सहा दिवस ओलसर मुरू द्यावा आणि मग सरीत द्यावा. सुपर फॉस्फेटमध्ये मिसळू नये. उभ्या पिकावर फवारायचा तर 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस विरघळवा, 25 ग्रॅम चुना वेगळा भिजवून त्याची निवळी त्यात घाला व गाळून ऊन उतरल्यावर फवारा. रानात पाणी साचत असेल तर आधी चर काढा.

आता भगिनींसाठी. गरोदरपणी मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत बहुधा हाच क्षार असतो. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातला की काळी शाई होते. चहातही तसाच तुरट अंश असतो आणि तो लोहाला धरून ठेवतो. म्हणून गोळी चहाबरोबर घेऊ नका, मध्ये तासा-दोन तासांचे अंतर ठेवा. जेवणात लिंबू असावे. गोळीने शौचास काळे होते, त्याची भीती नको.

पण रक्त वाढावे म्हणून खताच्या हिराकसाची चिमूटही पोटात घेऊ नका. तो औषधाइतका शुद्ध नसतो. गोळ्याही मुलांपासून दूर, उंच फळीवर ठेवा. रंगीत गोळी खाऊ वाटून लहान मुलाने अनेक गिळल्या तर जिवावर बेतते. असे झाले तर मूल बरे दिसत असले तरी वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.